नुसत्या झेंड्यांचं झाड

या वर्षी नाताळच्या झाडाचा विषय आस्मुसने ठरवला, आणि कुणाला विचारून ठरवला नाही.

एरवी ते त्याच्या आईचं, बोटिल्लाचं काम. नोव्हेंबरातल्या पहिल्या कडक थंडीत मोजे विणता विणता म्हातारी मान वर करायची आणि म्हणायची, "या वर्षी पाखरं." मग घरभर पाखरंच पाखरं. कागदाची, गवताची, लाकडाच्या ढलप्यांची. एका वर्षी होड्या, एका वर्षी कणसं. येप मेट्टाच्या पोटात होता त्या वर्षी नुसते पाळणे, अक्रोडाच्या टरफलांचे, आत कापसाची गादी घातलेले. मेट्टा या घरात सून म्हणून आली त्याला तेवीस वर्षं झाली होती, आणि तेवीसही विषय तिला तोंडपाठ होते.

"झेंडे," आस्मुस जेवता जेवता म्हणाला. "शेंड्यापासून बुडापर्यंत नुसते आपले झेंडे. देवदूत नको, हृदयं नकोत, सोनेरी कागद नको. आमच्या लहानपणी इथं जर्मनांचं राज्य होतं तेव्हा हा झेंडा बाबा पिठाच्या कोठीत लपवायचे. आता रस्त्यावरनं दिसला पाहिजे. लाल आणि पांढरं, बास."

बोटिल्लाने चमचा खाली ठेवला. "आणि आंके?"

हा प्रश्न आठवडाभर घरात कोळ्यासारखा कोपऱ्याकोपऱ्यात बसून होता. आंके म्हणजे आस्मुसची पाठची बहीण. बांधापलीकडे तिचं घर, चालत पंधरा मिनिटांचं. पण तिचा नवरा लोरेन्स मनाने जर्मन. या मुलुखात एका घरात दोन मनं असणं नवं नव्हतं, पण नुकत्याच संपलेल्या लढाईत लोरेन्सने जर्मनांची पट्टी दंडावर बांधली आणि बंदूक घेऊन स्टेशनावर पहारा दिला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मेट्टाच्या येपला पकडून नेलं ते त्याच स्टेशनावरून. जूनमध्ये कागद आला. येप तिकडे जर्मनांच्या छावणीत वारला होता. एकवीस वर्षांचा. लोरेन्सने त्याचं नाव सांगितलं असं कुणी म्हणत नव्हतं, आणि नाही सांगितलं असंही कुणी म्हणत नव्हतं.

लढाई संपल्यावर लोरेन्स कैदेत गेला. आंकेच्या दोन खिडक्या रात्रीतून फुटल्या. दुकानदार तिच्याकडे पाठ करून उभा राहू लागला. आणि आता तिची चिठ्ठी आली होती, मेट्टाच्या नावे: *वहिनी, खिडक्यांना फळ्या ठोकल्या आहेत पण वारा ऐकत नाही. टिनेचा खोकला जात नाही. दादाने हो म्हटलं तर हिवाळा तुमच्याकडे काढीन. गोठ्याचं सगळं काम करीन.*

"येऊ दे," आस्मुस म्हणाला. "पोरीलाही आणू दे. राहू दे वसंतापर्यंत. पण पहिला झेंडा तिनं स्वतःच्या हातानं झाडावर लावायचा. माझ्यासमोर."

"एवढंच?" बोटिल्ला म्हणाली.

"एवढंच."

मेट्टाने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याला ते 'एवढंच' वाटत नव्हतं, हे तिला दिसलं.

*

झेंड्यांना लाल कागद हवा होता, आणि त्या डिसेंबरात अख्ख्या तालुक्यात लाल कागद उरला नव्हता. प्रत्येक घराला झेंडेच करायचे होते. मेट्टाने मग बोटिल्लाचा खण उघडला. म्हातारीचा हा खण म्हणजे तिची देवघरासारखी जागा. डाव्या बाजूला चकचकीत लाल कागद, उजवीकडे पांढरा, मागे लोकरीचे गुंडे. मेट्टाने लाल कागद सगळा काढून घेतला. डावी बाजू रिकामी दिसू लागली म्हणून तिथे साखरेच्या पिशव्यांचे निळे कागद सपाट करून ठेवले. शेगडी पेटवायला होतील, एवढाच विचार.

तीन दिवसांनी दुपारी ती दळण घेऊन आली तर बोटिल्ला खिडकीपाशी बसून हृदयं विणत होती. दोन कागदांना कात्रीने पट्ट्या पाडायच्या आणि एकमेकींतून ओवायच्या. दर नाताळात प्रत्येक घरात विणतात तशीच. बोटं सराईतपणे चालली होती. तोंडाने ती बारीक आवाजात म्हणत होती,

*लाल पट्टी वर गं, पांढरी तिच्या आत,*
*दोघींच्या या मिठीला माझा एक हात.*
*पांढरी पट्टी वर गं, लाल तिच्या तळी,*
*कुणाची कुठली सांगा, एकच ही झोळी.*

तिच्या हातातल्या पट्ट्या निळ्या होत्या. निळ्या आणि पांढऱ्या. वरची कडी तिने लोकरीची केली होती, आणि ती तेवढी खरोखर लाल होती.

मेट्टा दारातच थबकली. निळा, पांढरा, लाल. हे तीन रंग एकत्र या मुलुखात कुणी सहज वापरत नाही. कुंपणालाही नाही, झग्याच्या काठालाही नाही. ते इथल्या जर्मन मनाच्या लोकांचे रंग. लोरेन्सच्या दारावर पंचवीस वर्षं तेच होते.

"कोण, मेट्टा?" बोटिल्लाने डोळे वर केले. त्यांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं. उजेड-अंधार कळत होता, माणूस कळत होतं. रंग गेले होते, आणि ते गेल्याचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. "सांगू नकोस हां आस्मुसला. टिनेसाठी करतेय. झेंडे काय, ते त्याचे. पोरीला खालच्या फांदीवर चार हृदयं लावू देऊ. लाल-पांढरीच तर आहेत. तो कशाला रागावेल?"

मेट्टाच्या जिभेवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आई, तुम्हाला आता लाल दिसत नाही? ती म्हणाली, "छान झालीत," आणि दळण घेऊन आत गेली. नाताळच्या आधी गुपचूप काढून घेऊ, असं तिने ठरवलं. मग डुक्कर मारायचा दिवस आला, मग पाव भाजायचा, आणि ते राहून गेलं.

*

चोवीस तारखेला सकाळी आंके आली. हातात एक गाठोडं आणि दुसऱ्या हाताला टिने. पोर सात वर्षांची होती, पण कोट पाच वर्षांच्या मुलीचा.

"या गं या," बोटिल्ला चुलीपाशी खुर्चीत बसून होती तिथूनच हात पसरून म्हणाली. आंके वाकली तशी म्हातारीने तिचे खांदे चाचपले. "अगं, नुसती हाडं! लोरेन्सनं जाताना तुझं मांसपण बरोबर नेलं की काय?"

आंके हसली. खूप दिवसांनी हसल्यासारखं, जरा उशिराने. "नाही गं आई. मांस इथंच आहे. रेशनमध्ये गेलं."

"मामी," टिने म्हणाली, "आमच्याकडे झाड नाहीये. आई म्हणते, झाडांनापण आमचा राग आलाय."

मेट्टाला हसावं की काय करावं कळेना. तिने पोरीच्या हातात मिऱ्याची बिस्किटं ठेवली. छोटी, गोल, कडक. टिनेने तीन खाल्ली आणि दोन खिशात टाकली, आणि टाकताना कुणी बघत नाही ना ते पाहिलं.  सकाळीच मेट्टाने येपच्या खोलीचं दार उघडलं होतं. जूनपासून पहिल्यांदा. गादीवर धुतलेली चादर अंथरली होती, दोघी मावतील अशी.

तेवढ्यात आस्मुस आला. त्याने बहिणीला हात दिला नाही. बैठकीचं दार उघडलं आणि म्हणाला, "चल."

बैठकीत झाड उभं होतं, छताला टेकलेलं, अजून उघडं. भिंतीवर निसचा फोटो. आस्मुसचा थोरला भाऊ, पहिल्या महायुद्धात पडलेला. अंगावर जर्मन गणवेश, कारण तेव्हा इथल्या पोरांना विचारत नसत. त्या फोटोखालच्या पेटीत झेंड्यांच्या माळा होत्या. आस्मुसने वरचा एक सुटा झेंडा काढला आणि तळहातावर ठेवून बहिणीपुढे धरला, जणू घोड्याला काही भरवतोय.

आंकेने तो घेतला. तिने तिवई ओढली, वर चढली आणि उंच, तिचा हात पोचेल तिथे, फांदीला दोरा बांधला. गाठ दोनदा मारली. मग मागे वळून म्हणाली, "इथं बरा दिसतोय का, दादा? की अजून वर?"

आस्मुस तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या मानेवरची शीर मेट्टाला दारातून दिसत होती.

"असू दे," तो म्हणाला.

मग सगळं सोपं झाल्यासारखं वाटलं. आस्मुसने माळा शेंड्यापासून खाली सोडल्या, आंके खालून ओढून सारख्या करत होती. एकदा ती म्हणाली, "दादा, तुझी बाजू लंगडी आहे," आणि तो म्हणाला, "तुझी नजर लंगडी आहे." लहानपणचं काहीतरी त्या आवाजात क्षणभर येऊन गेलं. मेट्टाने चिकोरीची कॉफी ठेवली. सगळे स्वयंपाकघरात आले. बोटिल्लाने टिनेला जवळ ओढून तिच्या कानात काही सांगितलं आणि आपल्या मांडीखालून एक पुठ्ठ्याचा डबा काढून दिला. पोर डबा छातीशी धरून पळाली.

मेट्टाने तो डबा पाहिला. ओळखला. कॉफी उतू जात होती, आणि ती भांडं उतरवायला वळली. आस्मुस त्याच वेळी तंबाखू आणायला बैठकीकडे निघाला होता.

*

त्याने आवाज चढवला नाही. "कुणी दिलं हे?" एवढंच ऐकू आलं, पण ते असं, की आंके पेला तसाच टाकून धावली. मेट्टा तिच्यामागे.

झाडाच्या खालच्या फांद्यांवर चार हृदयं होती. निळी, पांढरी, वर लाल कडी. पाचवं टिनेच्या हातात. ती मामाकडे बघत होती आणि ओठ घट्ट मिटून होती. आजीला शब्द दिला होता तिने.

"माझ्या झाडावर," आस्मुस म्हणाला. "माझ्या घरात. येप गेला त्या वर्षी."

आंकेने एक हृदय हातात घेतलं आणि उलटं केलं. कडीपाशी कागद आत दोनदा दुमडलेला होता, फाटू नये म्हणून. तसा दुमडणारी बाई त्या घरात एकच होती. मेट्टाने तिचा चेहरा बघितला आणि तिला कळलं की आंकेला कळलं. स्वयंपाकघरातून बोटिल्लाचा आवाज आला, गुपित फोडायच्या आनंदात, "काय रे, काय झालं? आवडली का?"

आंकेने दार लोटून घेतलं. मग ती भावाकडे वळली.

"मी केली," ती म्हणाली. "मीच दिली टिनेला लावायला."

"का?"

"सवयीनं."

मेट्टा आतल्या बाजूला, लोटलेल्या दाराला टेकून उभी होती. एक वाक्य पुरे होतं. *आस्मुस, कागद मी ठेवला. हात आईंचा आहे.* ते वाक्य तिच्या तोंडात तयार होतं, आणि ते बाहेर पडेना. तिच्या डोळ्यांपुढे स्टेशन होतं. फेब्रुवारीतलं धुकं, दंडावर पट्टी बांधलेला एक माणूस, आणि त्याच्यासमोरून आपला पोरगा नेला जातोय. त्या माणसाच्या बायकोसाठी तिने आज चादर अंथरली होती. तिला एकदम त्या चादरीची चीड आली.

आंकेने तिच्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. फक्त वाट बघणं होतं, आगगाडीची बघतात तसं. मग तेही संपलं.

"निघ," आस्मुस म्हणाला.

अंगणात आंके टिनेच्या कोटाची बटणं लावत होती. मेट्टा शाल घेऊन मागे आली.

"आंके, मी सांगते त्याला. संध्याकाळी, शांत झाला की."

"संध्याकाळी सांगून काय होणार, वहिनी? सांगायचं होतं तर मघाशी सांगितलं असतंत." आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला. "एक करा. आईला रंगाचं सांगू नका. निसला जर्मन कपड्यांत पुरलंय तिनं. आणि आता तिच्याच हातानं... नको. काहीही सांगा. माझ्यावर घाला."

"मामी," टिने म्हणाली, "आम्ही राहणार नाही का?"

मेट्टाने शाल पोरीच्या डोक्यावरून गुंडाळली. बांधावरून दोघी लहान लहान होत गेल्या. वारा समुद्राकडून येत होता आणि त्या वाऱ्याकडे तोंड करूनच त्यांना चालायचं होतं.

"टिनेच्या अंगात ताप आहे, आई," आत येऊन ती बोटिल्लाला म्हणाली. "परत गेल्या."

"ताप? मघाशी तर गार होती." म्हातारीने हात मांडीवर चोळले. "हृदयं लावली ना पण?"

"लावली."

*

चार वाजता अंधारलं. मेट्टा गोठ्यात गेली. आस्मुस गाईच्या पोटाला कपाळ टेकून दूध काढत होता. बादलीत धार वाजत होती.

"ती हृदयं आईंनी केली," मेट्टा म्हणाली. "आंकेनं नाही. आईंना रंग दिसत नाहीत. कागद मी ठेवला होता खणात."

धार थांबली नाही.

"ऐकलंस का?"

"ठाऊक आहे मला."

मेट्टाने खांबाला हात लावला.

"साखरेच्या पिशवीचा कागद आहे तो," आस्मुस गाईच्या पोटाशीच बोलत होता. "आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्का. एका हृदयावर अर्धा दिसत होता. आंकेच्या घरी उन्हाळ्यापासून साखर नाही. कोण देणार तिला? त्या पिशव्या मीच आणल्यात."

"मग तरी तू—"

"तिनं झेंडा लावला, मेट्टा." आता त्याने मान वर केली. "मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. म्हणायला पाहिजे होतं तिनं. मग मी म्हटलं असतं, जा. सरळ झालं असतं. तर ती चढली तिवईवर, आणि हात हलला नाही तिचा. दोनदा गाठ मारली. मला विचारते, अजून वर लावू का." त्याचा आवाज फाटला. "मग मी काय करायचं होतं? वसंतापर्यंत तिच्यासमोर बसून जेवायचं होतं? येपच्या गादीवर तिची पोर?"

गाय पाय बदलून उभी राहिली. मेट्टाला म्हणायचं होतं, जा, आत्ता बांधावरून जा आणि घेऊन ये दोघींना. पंधरा मिनिटं लागतील. तिने ते म्हटलं नाही. आपण ते का म्हणत नाही, हे तिला तिथे शेणाच्या उबदार वासात उभं राहून पुरतं कळलं, आणि कळल्यावर तिने दुधाची भरलेली बादली उचलली.

*

सहाला मेणबत्त्या लावल्या. डुकराचं मांस झालं, हिरवी पालेभाजी झाली, खीर झाली. बोटिल्लाने दोन घास खाल्ले. मग ती उठून बैठकीत आली आणि सवयीने दोन्ही हात बाजूला पसरून झाडापाशी उभी राहिली. हात धरायचे, गोल करायचा, गाणं म्हणत झाडाभोवती फिरायचं. ते झाल्याशिवाय नाताळ लागत नाही.

आस्मुसने एक हात धरला, मेट्टाने दुसरा. मग दोघांनी झाडामागून एकमेकांकडे हात लांबवले. पोचेनात. आस्मुस फांद्यांत खांदा घालून पुढे झाला, मेट्टाच्या गालाला कागदी झेंडे घासले, तेव्हा कुठे बोटांना बोटं लागली.

"एवढं ओढू नका रे," बोटिल्ला म्हणाली. "हात निखळतील माझे. किती जण आहोत आपण?"

"तिघं," आस्मुस म्हणाला.

"तिघांत झाड मावत नाही." ती जरा थांबली. "पोरीला ताप आहे, मान्य. शेजारच्या म्हातारीकडे ठेवून घटकाभर यायचं आंकेनं. आईचा हात धरायला. का नाही आली ती? खरं सांगा. आस्मुस, तू काही बोललास का तिला?"

 मेणबत्त्यांच्या उजेडात आस्मुस फांद्यांतून मेट्टाकडे बघत होता. इतका म्हातारा तो तिला कधी दिसला नव्हता.

काहीही सांगा, आंके म्हणाली होती. माझ्यावर घाला.

"आस्मुस काही नाही बोलला, आई," मेट्टा म्हणाली. "आंकेनंच नाही म्हटलं. म्हणाली, या झेंड्यांच्या झाडाभोवती मी फिरणार नाही. पुन्हा बोलावूही नका म्हणाली."

बोटिल्लाचा हात तिच्या हातात होता. तो सैल झाला नाही, घट्टही झाला नाही. नुसता जड झाला.

"असं म्हणाली?"

"हो."

"माझी आंके?"

 म्हातारीने मान दोनदा हलवली, कुणीतरी लांबून हाक मारल्यावर हलवतात तशी. मग ती म्हणाली, "बरं. चला मग. तिघंच."

तिने गाणं सुरू केलं, पहिली ओळ खालच्या सुरात लागली. ते वाकडेतिकडे, ओढले जात, फांद्या अंगावर घेत फिरू लागले. आणि झाडामागे, जिथे म्हातारीला काही दिसत नव्हतं, तिथे आस्मुसच्या बोटांनी मेट्टाची बोटं गच्च धरली. येपचा कागद आला त्या दिवसापासून त्याने तिला हात लावला नव्हता. आता तो सोडत नव्हता. तिनेही सोडला नाही.